काचि काचि

टोकियोत दुभाषाचं काम करते. बहुतेक दिवस यंत्रांचे सुटे भाग आणि करारांची कलमं यांतच जातात. म्हणून टीव्ही स्टुडिओतून बोलावणं आलं तेव्हा आधी खात्री करून घेतली, की त्यांना मीच हवी आहे ना! लहान मुलांच्या कार्यक्रमासाठी एक लोककथा जॅझमध्ये बसवली होती, अमेरिकेहून ड्रमर आले होते आणि त्यांना जपानीचा गंध नव्हता.

दुपारी एकला पोचले, तरी सगळे 'ओहायो' म्हणजे 'शुभ प्रभात' म्हणत होते. या धंद्यात कुठल्याही वेळी तेच म्हणतात.

गोष्ट होती 'काचिकाची यामा'. तानुकी नावाचा रानटी, लबाड प्राणी म्हाताऱ्याच्या शेतीची नासधूस करतो. पुढे ससा त्याच्या पाठीवरच्या मोळीला गारगोटीने आग लावतो. तानुकी विचारतो, "हा काचि काचि आवाज कसला?" ससा म्हणतो, "हा काचिकाची डोंगर ना, इथला काचिकाची पक्षी ओरडतोय." मग ज्वाळांचा 'बो बो' आवाज. आपल्या भोपळ्याच्या टुणुक टुणुकसारखं. आवाज काढून टाकला तर गोष्ट उरतच नाही. ड्रमरनी 'काचि काचि' काठ्यांनी ड्रमच्या कडेवर वाजवून दाखवलं आणि पहिल्यांदाच सगळे हसले.

त्यानंतर मी माती खाल्ली. पियानोवाला घाई करत होता. ड्रमर म्हणाले, "ले बॅक." मी जपानीत सांगितलं, "मागे टेकून वाजवा." त्या बिचाऱ्याने वळून पाहिलं. पियानोच्या स्टुलाला पाठच नव्हती! शेवटी सॅक्सोफोनवाल्या बाईंनी हळूच शब्द पुरवला, 'आतोनोरी'. ठेक्याच्या किंचित मागून चालायचं. वहीत लिहून घेतला आणि खाली मराठीत टीप टाकली: रेंगाळायचं, पण मागे पडायचं नाही.

खरी पंचाईत आगीच्या गाण्याला झाली. दिग्दर्शकांना तिथे राग हवा होता, ड्रमर मात्र गमतीत वाजवत होते. तीन टेक वाया गेले. "का रागवायचं?" त्यांनी मला विचारलं. "म्हातारीला टेंगूळ आलंय आणि ससा जिवंत प्राणी जाळतोय. मी तानुकीच्या बाजूने आहे."

संहितेत खरंच तेवढंच होतं. तानुकी म्हातारीला ढकलतो, ती अंथरुणाला खिळते. हल्लीच्या मुलांच्या पुस्तकांतही असंच काहीतरी सौम्य करून छापतात.

जेवणाच्या सुट्टीत बेंतोचे डबे आले, सोबत कागदी कपात मिसो सूप. मी त्यांना जुनी गोष्ट सांगितली. म्हाताऱ्याने पकडून बांधलेला तानुकी म्हातारीला गोड बोलून दोरी सोडवून घेतो, तिला मारतो, तिचं रूप घेतो आणि तिचंच सूप करून म्हाताऱ्याला वाढतो. म्हातारा पितो. प्यायल्यावर तानुकी त्याला काय प्यालास ते सांगून पळतो.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. परत उचललाच नाही.

हे सांगणं माझ्या कामात बसत होतं का? दुभाषाने बोललेलं पोचवायचं, न बोललेलं नाही. पण ज्या कारणासाठी ससा आग लावतो तेच कापून टाकलं, तर राग आणायचा कुठून?

जेवणानंतरच्या टेकला त्यांनी काही जोरात वाजवलं नाही. उलट हळू. कडेवरचं काचि काचि इतकं कोरडं आणि सावकाश आलं, की तानुकी झालेला नट आपली ओळ बोलायलाच विसरला. मग मोकळ्या जागेत बोलला, "हा आवाज कसला?" आणि त्याचा आवाज खरोखर कापला. पियानोही आता बरोबर मागून येत होता.

वरच्या खोलीतून दिग्दर्शकांचा आवाज आला, "कोवाई." भीती वाटते. मग बराच वेळ काहीच नाही.

ते खाली आले ते थेट माझ्याकडे. "दुभाषीबाई, जेवताना यांना काय सांगितलंत?"

"सुपाचं."

त्यांनी संहितेचं पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं. "हाच टेक ठेवू," म्हणाले. "पण निर्मात्यांनी विचारलं तर सुपाचं बोलू नका."

तेवढ्यात कोणीतरी 'माकी, माकी' म्हणजे 'आवरा, उशीर होतोय' असा पुकारा केला आणि दोघंजण पुठ्ठ्याची, चिखलाच्या रंगाची होडी ढकलत आत घेऊन आले. गोष्टीच्या शेवटी तानुकी जिच्यात बुडतो, ती.