छताला लावलेल्या रेडिओला काय ऐकू येतं

बुधवार, रात्री उशिरा

आज दिवसभर एकच काम. मजल्यावरच्या ॲक्सेस पॉइंटच्या, म्हणजे छताला लावलेल्या वाय-फाय यंत्रांच्या, रेडिओंना आजूबाजूला काय ऐकू येतंय, ते स्क्रिप्टने गोळा करायचं. दुपारच्या वेळी व्हिडिओ कॉल अडखळतात अशी तक्रार आहे, आणि शेजारची नेटवर्क्स आपल्या चॅनेलवर गर्दी करतात का हा पहिला प्रश्न.

लिनक्सवर चालणाऱ्या ॲक्सेस पॉइंटवर ‘आयडब्ल्यू’ नावाचं छोटं साधन असतं. त्याला स्कॅन करायला सांगितलं की विनंती कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, जाते, रेडिओ एकेका चॅनेलवर फिरून येतो, निकाल तयार असल्याचा संदेश कर्नल पाठवतो आणि मग कुठे यादी वाचता येते. ‘स्कॅन डंप’ ही कमांड मात्र नव्याने काहीच ऐकत नाही. कर्नलकडे साठवलेलं तेवढंच आपल्यापुढे ठेवते. त्या साठ्यात नोंद साधारण 30 सेकंद टिकते, मग गळून जाते. त्यामुळे डंप रिकामा आला तर हवा शांत आहे असं म्हणता येत नाही, फार तर अलीकडे कुणी कान दिला नाही एवढंच. प्रत्येक नोंदीशेजारी ती किती मिलिसेकंदांपूर्वी शेवटची दिसली हे लिहिलेलं असतं. मला तो आकडा सिग्नलच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. स्क्रिप्टमध्ये तो पहिल्या रकान्यात ठेवला आहे.

मध्येच ‘डिव्हाइस बिझी’, उणे 16, हे उत्तर येतं. दुसरा कुठला तरी प्रोग्राम आधीच स्कॅन करत असतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा कमांड आदळण्यात अर्थ नाही. त्याचं स्कॅन संपल्याचा संदेश सगळ्यांनाच मिळतो आणि निकालही सामायिक असतात. तेवढी वाट पाहायची आणि डंप वाचायचा.

पण आज सगळ्यात जास्त वेळ मी अडकले ती ऐकण्याच्या किमतीपाशी. ॲक्सेस पॉइंट आपल्या अस्तित्वाची घोषणा, म्हणजे बीकन, सहसा दर 102.4 मिलिसेकंदांनी करतो. नुसतं ऐकून त्याचा पत्ता लागायचा तर त्या चॅनेलवर निदान तेवढा वेळ थांबावं लागतं. 2.4 गिगाहर्ट्झमधले 13 चॅनेल असे ऐकायचे तर सव्वा-दीड सेकंद सहज जातो. आपणच प्रोब, म्हणजे ‘कोण आहे?’ असा छोटा संदेश, पाठवून विचारलं तर काम लवकर होतं, पण 5 गिगाहर्ट्झमध्ये रडारला प्राधान्य असलेल्या चॅनेलवर आधी बोलायला परवानगी नसते, तिथे गप्प राहून ऐकावंच लागतं. आणि या सगळ्या वेळात रेडिओ आपल्या चॅनेलवर नसतो.

फोनला हे परवडतं. स्कॅनला निघण्याआधी तो ॲक्सेस पॉइंटला ‘मी झोपतोय’ असं कळवतो आणि परत येईपर्यंत त्याची डेटाची पाकिटं तिकडे जपून ठेवली जातात. ॲक्सेस पॉइंटने कुणाला सांगावं? तो चॅनेल सोडून गेला की जोडलेल्या लोकांची पाकिटं उत्तराविना राहतात, ती पुन्हा पुन्हा पाठवली जातात, त्याचे स्वतःचे बीकनही चुकतात. म्हणूनच सेवा देत असलेला रेडिओ साध्या स्कॅनला बहुधा नकार देतो आणि ‘एपी-फोर्स’ असा वेगळा शब्द कमांडला जोडावा लागतो. तो शब्द मुद्दाम टोचणारा ठेवलाय असं मला वाटतं, आणि ते बरोबरच आहे. कॉल तुटण्याचं कारण शोधायला भर दुपारी स्कॅन लावलं, तर ते स्कॅनच एक कारण होऊन बसेल. काही ॲक्सेस पॉइंटमध्ये केवळ ऐकण्यासाठी वेगळा रेडिओ असतो. आमच्याकडे तसे असते तर हा प्रश्नच नव्हता.

संध्याकाळी यादी समोर घेऊन बसले. नावं भरपूर, पण कितीतरी बीएसएसआयडी, म्हणजे त्या नावांमागचे रेडिओचे पत्ते, फक्त शेवटच्या आकड्यात वेगळे. एकच यंत्र, त्यावर चार-पाच नावं. यंत्रं मोजली तर गर्दी कमी, पण भार मात्र खरा, कारण प्रत्येक नावाचा बीकन स्वतंत्र जातो. हिशोब करून पाहिला. जुने, मंद वेग चालू ठेवलेल्या 2.4 गिगाहर्ट्झ नेटवर्कवर 300 बाइटचा बीकन 1 मेगाबिटने पाठवायला अडीच मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. दर 102.4 मिलिसेकंदांत असे दहा बीकन एका चॅनेलवर आले की जवळपास पाव वेळ नुसत्या घोषणांतच संपतो, अजून कुणी एक अक्षरही डाउनलोड केलेलं नसताना.

उलट एखादं नेटवर्क उणे 55 डीबीएमवर (हे सिग्नलच्या ताकदीचं माप) ठळक ऐकू येतं आणि दिवसभर जवळजवळ गप्प असतं. स्कॅनची यादी शेजारी कोण आहे ते सांगते, कोण किती बोलतं ते सांगत नाही. त्यासाठी ‘सर्व्हे डंप’ आहे: रेडिओ चॅनेलवर किती वेळ होता आणि त्यातला किती वेळ हवा व्यग्र होती. आकडे साचत जाणारे असतात, म्हणून दोन वेळा घेऊन वजाबाकी करायची. सगळे ड्रायव्हर, म्हणजे रेडिओ चालवणारी सॉफ्टवेअर, ते देत नाहीत, आमचा देतो. आणि आपल्याच चॅनेलचा हिशोब असल्याने रेडिओला जागा सोडावी लागत नाही.

एक गोष्ट अजून खटकते. हे सगळं छताजवळचं ऐकणं आहे. टेबलावरच्या लॅपटॉपला भिंतीपलीकडचा वेगळाच रेडिओ त्रास देत असेल तर तो या यादीत येणारच नाही. वाय-फायच्या 802.11के या मानकात ॲक्सेस पॉइंटने लॅपटॉपलाच ‘तुला काय ऐकू येतं’ असं विचारण्याची सोय आहे, पण प्रत्येक उपकरण उत्तर देतंच असं नाही. जी देतील त्यांची उत्तरं वेगळ्या फाइलमध्ये जमवायची.

उद्यापासून सर्व्हे दिवसा, दर पाच मिनिटांनी. पूर्ण स्कॅन फक्त पहाटे, आणि तेही एका वेळी एकाच ॲक्सेस पॉइंटवर. सगळे एकदम ऐकायला गेले तर मजल्यावर बोलणारं कुणीच उरणार नाही.