रक्ती खाणारा ख्रिस्ती शास्त्र मोडतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. रक्ती म्हणजे बोकडाचं रक्त धरून, परतून केलेला पदार्थ. प्रश्न साधारण असा असतो: "तुमच्या बायबलात रक्त खाऊ नका असं स्वच्छ लिहिलंय. मग गोव्याकडचे ख्रिस्ती सोरपोतेलात, म्हणजे डुकराच्या मांसाच्या त्या आंबट-तिखट पदार्थात, डुकराचं रक्त कसं घालतात? आणि यहोवाचे साक्षीदार तर मरायला टेकले तरी रक्ताची बाटली लावून घेत नाहीत. यातलं खरं काय?"

आधी सरळ उत्तर. कॅथलिक आणि बहुतेक प्रॉटेस्टंट हा नियम आज बंधनकारक मानत नाहीत. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या नियमावलीत तो अजून आहे, पाळला जातो कमी. सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट, इथिओपियाची ऑर्थोडॉक्स मंडळी, फिलिपिन्समधली इग्लेसिया नी क्रिस्तो असे काही जण तो ताटात पाळतात. यहोवाचे साक्षीदार तो दवाखान्यापर्यंत नेतात. पुस्तक सगळ्यांचं एकच. फरक पडतो तो हा नियम मुळात कुणाला दिला होता, याच्या उत्तरावर.

नियम तीन ठिकाणी येतो. पहिल्यांदा उत्पत्तीच्या 9व्या अध्यायात, जलप्रलय ओसरल्यावर. माणसाला मांस खायची मुभा तिथे प्रथम मिळते आणि त्याच दमात अट येते, की जीव असलेल्या रक्तासकट मांस खाऊ नका. हे नोहाला सांगितलंय, म्हणजे अख्ख्या मानवजातीला. दुसऱ्यांदा मोशेच्या नियमशास्त्रात. लेवीय पुस्तकाच्या 17व्या अध्यायात कारणही दिलंय: देहाचा जीव रक्तात असतो आणि ते रक्त वेदीवर प्रायश्चित्तासाठी दिलेलं आहे. शिकार केलेल्या पशुपक्ष्याचं रक्त ओतून त्यावर माती टाकायची. घरी कापलेल्याचं पाण्यासारखं जमिनीवर ओतायचं, असं अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 12वा अध्याय सांगतो. हे इस्राएलाला आणि त्यांच्यात राहणाऱ्या उपऱ्यांना. तिसऱ्यांदा नव्या करारात, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15.

इथे एक गैरसमज काढून टाकू. रक्त घाण, रक्तात जंतू, म्हणून देवाने मना केलं, असले निरोप दर महिन्याला व्हॉट्सॲपवर फिरतात. वचनांत तसं काही नाही. डुक्कर लेवीय 11 मध्ये अशुद्ध म्हणून वर्ज्य आहे. रक्ताचं कारण वेगळंच आहे: ते देवाचं आहे, म्हणून राखीव आहे. त्यामुळे आरोग्याच्या अंगाने हा नियम वाचू पाहणारा पहिल्याच पायरीवर घसरतो.

आता कृत्ये 15, कारण सगळी गोम तिथे आहे. साल इ. स. 49-50 च्या आसपास. अंत्युखिया शहरात यहुदी नसलेले लोक ख्रिस्ती झाले होते. त्यांनी सुंता करून मोशेचं सगळं नियमशास्त्र पाळायचं का, यावर यरुशलेमेत सभा बसली. पेत्र बोलला, पौल आणि बर्णबा बोलले, शेवटी यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याने निर्णय दिला: ओझं लादायचं नाही, फक्त चार गोष्टींपासून दूर राहा. मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि जारकर्म.

हीच चार का? लेवीय 17 आणि 18 शेजारी उघडून ठेवा. उपऱ्यालाही लागू असलेले नियम तिथे जवळपास याच क्रमाने येतात: परक्या देवांना बळी नको, रक्त नको, नीट रक्त न काढलेलं जनावर नको, मग लैंगिक संबंधांचे नियम. म्हणजे इस्राएलाच्या वस्तीत राहणाऱ्या परक्याकडून जेवढी अपेक्षा होती, तेवढीच नव्या ख्रिस्ती माणसाकडून ठेवली. उद्देश व्यवहाराचा होता. यहुदी ख्रिस्ती आणि बिगरयहुदी ख्रिस्ती एका पंगतीला बसायचे, आणि ताटात रक्त असेल तर यहुदी उठून जाईल. मला हे वाचन सर्वांत पटतं. पण ते सगळ्यांना पटत नाही. विरोधकांचा मुद्दा बिनतोड नसला तरी वजनदार आहे: चौथी गोष्ट जारकर्म आहे, ती काय फक्त पंगतीपुरती होती? एक कायम आणि तीन तात्पुरत्या, असं निवडायचा अधिकार कुणी दिला?

पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती लोक रक्त खरोखरच खात नव्हते. इ. स. 177 मध्ये फ्रान्समधल्या लियों इथे ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, तेव्हा ते लहान मुलांना मारून खातात असा आरोप होता. बिब्लिस नावाच्या बाईने उलट विचारलं, की मुक्या जनावराचं रक्तसुद्धा आम्हाला वर्ज्य, तर आम्ही मुलं कशी खाऊ? वीसेक वर्षांनी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन लिहितो, की ख्रिस्ती माणसाची परीक्षा घ्यायला त्याच्यापुढे रक्त भरलेलं सॉसेज ठेवत. पण धर्मपंडित ऑगस्टीनच्या काळापर्यंत, म्हणजे 400 च्या सुमारास, पश्चिमेत चित्र पालटलेलं होतं. मानेवर फटका मारून मारलेला ससा खाऊ नये असं आता कोण म्हणतो, म्हणाला तर लोक हसतील, असं तो लिहितो. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी मात्र 692 मध्ये ट्रुलो परिषदेच्या 67व्या नियमाने रक्ताचे पदार्थ खाणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढायचं आणि सामान्य माणसाला बहिष्कृत करायचं ठरवलं. कॅथलिक बाजूचा लेखी निकाल 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत आला: प्रेषितांचा तो हुकूम यहुदी आणि इतरांना एकत्र आणण्यासाठी होता, कारण संपलं तसा हुकूमही संपला. प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक ल्यूथर याने 1539 मध्ये यरुशलेमेच्या सभेचाच दाखला उलटा फिरवून पोपवाद्यांना चिमटा काढला, की परिषदांचे निर्णय एवढे अटळ असतील तर आधी यरुशलेमेचा पाळा आणि रक्ताची सॉसेजं बंद करा. आयझॅक न्यूटनही रक्ताचं पुडिंग आणि गळा दाबून मारलेले ससे खात नसे, असं सांगतात.

पश्चिमेत नियम असा सुटल्यामुळे आयर्लंडपासून स्पेनपर्यंत ख्रिस्ती देशांत रक्ताची सॉसेजं सर्रास मिळतात. मेघालयातल्या खासी ख्रिस्ती घरांत जादोहाचा भात डुकराच्या रक्तात शिजतो, आणि सारापातेल पोर्तुगालहून गोव्यात येऊन सोरपोतेल झालं.

सोरपोतेलात रक्त घालणाऱ्यांची पद्धत अशी. डुक्कर कापतानाच भांड्यात व्हिनेगर आणि मीठ घेऊन त्यात रक्त धरायचं आणि ढवळत राहायचं, नाहीतर काही मिनिटांत ते खरवसासारखं धरतं. मांस, काळीज, हृदय आधी अर्धवट उकडून बारीक चौकोनी चिरतात, चरबीत परततात, मग व्हिनेगरमध्ये वाटलेला मिरची, जिरं, मिरी, दालचिनी, लवंगांचा मसाला पडतो आणि रक्त शेवटी. ढवळणं राहिलं तर गुठळ्या होतात; मग ते वेगळं उकडून, चिरून घालतात. आपल्याकडची रक्ती याच्या उलट. तिथे गोठवायचंच असतं: चिमूटभर मीठ, धरलं की उकडायचं, चिरून किंवा कुस्करून कांदा-मिरचीवर परतायचं. रक्त मांसापेक्षा लवकर नासतं. सकाळी धरलेलं दुपारपर्यंत बाहेर ठेवू नये, आणि आत लाल राहिलेला तुकडा खाऊ नये. आजकाल गोव्यात आणि वसईकडच्या ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या ख्रिस्ती घरांत पुष्कळ जण रक्त घालतच नाहीत. कारण बहुधा शास्त्र नसून बाजार असतो. घरचं डुक्कर कापणं कमी झालं, आणि दुकानात ताजं रक्त मिळत नाही.

ज्यांना नियम पाळायचाय त्यांचा पुढचा प्रश्न असतो: मटणात उरलेल्या रक्ताचं काय? 20 किलोच्या बोकडात दीड लिटरच्या आसपास रक्त असतं. गळा नीट चिरला तर साधारण निम्मं बाहेर पडतं. उरलेलं मुख्यतः आतल्या अवयवांत राहतं, मांसात फार थोडं. पिशवीत साचणारं लाल पाणी बहुतांशी रक्त नसतंच. ते स्नायूंतलं मायोग्लोबिन नावाचं लाल रंगद्रव्य, पाण्यात उतरलेलं. ब्रॉयलर कोंबडीच्या हाडाजवळ दिसणारा काळसर लालपणाही कच्चेपणाचा पुरावा नाही. सहा आठवड्यांच्या पक्ष्याचं हाड पोकळसर असतं, मगज त्यातून झिरपतो, आणि फ्रीजरमधून काढलेल्या कोंबडीत जास्तच. बायबल रक्त ओतायला सांगतं, पिळून काढायला सांगत नाही. म्हणून नियम पाळणारे बहुतेक ख्रिस्ती नीट कापलेल्या जनावरावर थांबतात.

यहुदी त्यापुढे जातात. कोकणातल्या बेने इस्राएल घरांतही मटण मीठ लावून निथळत ठेवायची रीत आहे. मांस अर्धा तास साध्या पाण्यात भिजवायचं, निथळवायचं, सगळ्या बाजूंनी जाडं मीठ लावून तिरप्या किंवा भोकाच्या फळीवर एक तास ठेवायचं, मग तीनदा धुवायचं. बारीक मीठ चालत नाही, ते विरघळून जातं आणि रक्त ओढून काढत नाही. फळी सपाट असली तर निघालेलं पाणी मांसाखालीच साचतं. आधी गरम पाणी लागलं तर रक्त आतच बसलं असं धरतात. 72 तास न भिजवता राहिलेलं मांस मिठाने सुधारत नाही, ते फक्त आगीवर भाजायचं. काळजाला मीठ पुरत नाहीच; चिरा देऊन उघड्या आगीवर धरावं लागतं. ख्रिस्ती माणसाने एवढं करायलाच हवं असं कुठलीही मोठी मंडळी सांगत नाही. मासळीचा तर प्रश्नच नाही. लेवीय 7:26 पशू आणि पक्षी म्हणतं, मासा म्हणत नाही.

"हलालचं मटण चालतं का?" हा जोडप्रश्न हमखास येतो. रक्तापुरतं बोलायचं तर हलाल आणि झटका दोन्हींत रक्त वाहून जातं, कुणीही गळा दाबत नाही. कोंबडीच्या दुकानात लक्ष ठेवायचं तर एवढंच, की मान कापल्यावर ती पिंपात दीड-दोन मिनिटं राहू द्यावी. गिऱ्हाइकांची गर्दी असली की पोरगा घाईने गरम पाण्यात टाकतो आणि कातडी लालबुंद होते. फासात गुदमरून मरणारे रानससे किंवा लाव्हे यांची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानेच बंद आहे. राहिला नाव घेऊन कापण्याचा भाग. त्यावर पौलाचं उत्तर करिंथकरांस पहिल्या पत्रात, 10:25 मध्ये आहे: बाजारात विकतात ते खा, चौकश्या करू नका. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे बळीचं आहे, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका.

इथे मराठी प्रॉटेस्टंट घरांतली एक गंमत नोंदवावीशी वाटते. जत्रेच्या बोकडाचं मटण शेजाऱ्याने डब्यातून पाठवलं तर अनेक घरांत ते परत जातं. त्याच घरात रविवारी रक्ती परततात. कृत्ये 15 मधली पहिली अट कसोशीने पाळलेली, दुसरी विसरलेली. कारण समजण्यासारखं आहे: जुनं नातं नेमकं मूर्तीच्या नैवेद्याशी तोडायचं होतं, रक्ताशी नव्हे. पण वचनाचा आधार देताना दोन्ही अटी एकाच वाक्यात आहेत हे कबूल करावं लागेल.

"मग प्रभुभोजनात रक्त पिता ते?" असंही कुणीतरी खोचून विचारतं. प्रभुभोजन म्हणजे चर्चमधला भाकर आणि प्याल्याचा विधी. योहान 6 मध्ये माझं मांस खा, माझं रक्त प्या, हे येशूचं बोलणं ऐकून लोक बिथरले, ते बहुधा याच नियमामुळे. जे प्यायचंच नाही तेच प्यायला हा सांगतोय. बऱ्याच प्रॉटेस्टंटांकडे प्याल्यात द्राक्षरस असतो, कुठे मनुका भिजवून काढलेला, आणि बहुतेकांच्या लेखी ती खूण. कॅथलिक श्रद्धेत तो खरोखर ख्रिस्ताचं रक्त होतो, मात्र रूप-चव वाइनचीच राहते. आहाराच्या नियमाशी त्याची गाठ कुणीच घालत नाही.

यहोवाच्या साक्षीदारांकडे वळू. त्यांना इतर बहुतेक मंडळ्या ख्रिस्ती मानत नाहीत, कारण ते त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण, नाकारतात. ते स्वतःला मानतात. रक्त चढवून घेणं त्यांनी 1945 मध्ये निषिद्ध ठरवलं आणि 1961 पासून त्यासाठी बहिष्कार सुरू झाला. युक्तिवाद असा, की दारू पिऊ नका म्हटल्यावर ती शिरेतून घेतली तरी नियम मोडतोच. संपूर्ण रक्त, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा नाही म्हणजे नाही. अल्ब्युमिन, गोठण्याचे घटक, इम्युनोग्लोब्युलिन हे ज्याच्या त्याच्या विवेकावर. स्वतःचंच रक्त आधी काढून रक्तपेढीत ठेवणंही दीर्घकाळ चालत नव्हतं, कारण शरीराबाहेर काढलेलं रक्त ओतून टाकायचं असतं, असं ते म्हणत. मात्र शस्त्रक्रियेत सांडलेलं रक्त यंत्रातून गाळून लगेच परत घेणं काही जण स्वीकारतात. इतर ख्रिस्ती म्हणतात, की शिरेत दिलेलं रक्त पचत नाही, ते रक्त म्हणूनच काम करतं. शिवाय दात्याचा जीव जात नाही, आणि लेवीयचा सगळा विषय मारलेल्या जनावराचा आहे. मला साक्षीदारांचा दारूचा दाखला इथेच लंगडा वाटतो. अवयवरोपण त्यांनी स्वतः 1980 मध्ये विवेकावर सोडलं, मग रक्तालाच वेगळा न्याय का, याचं उत्तर त्यांना शेवटी कृत्ये 15 च्या अक्षरांतच शोधावं लागतं.

आता पाहुणा जेवायला बोलवायचा असेल तर. कॅथलिकाला रक्तापेक्षा शुक्रवार आणि ईस्टरआधीचा उपासकाळ विचारा. ॲडव्हेंटिस्ट पाहुण्याला, पुण्यात त्यांच्या स्पायसर विद्यापीठामुळे असे पुष्कळ भेटतात, रक्तीबरोबर डुक्कर, कोळंबी आणि खेकडाही नको असतो, आणि बरेच जण शाकाहारीच असतात. साक्षीदाराला नीट कापलेलं मटण चालतं, रक्ताचा पदार्थ मुळीच नाही. आणि सोरपोतेल असेल तर रंगावर जाऊ नका. मिरची, काळीज आणि दोन-तीन दिवस गरम करत मुरवणं यांनी बिनरक्ताचंही तितकंच गडद होतं. ज्याने शिजवलं त्यालाच विचारा.