हा घोडा कुठून आला?

बुद्धिबळाचे नियम एका संध्याकाळी शिकून होतात. हत्ती सरळ, उंट तिरका, वजिराला दोन्ही मुभा, राजाला एक घर, घोडा अडीच घरं. प्यादं चालतं सरळ आणि मारतं तिरकं, हे जरा विचित्र वाटतं, पण पचतं. किल्लेकोटापाशी थोडी अडखळ होते, कारण एकाच खेळीत राजा आणि हत्ती अशा दोन सोंगट्या हलतात आणि वर अटी पुष्कळ. तेवढं जमलं की वाटतं, आलं बुद्धिबळ.

मग पहिला डाव चौथ्या खेळीलाच आटोपतो. समोरचा वजीर थेट राजाच्या उंटापुढचं प्यादं मारून तिथेच ठाण मांडतो, पाठीशी दूरवरून त्याचा उंट. त्या प्याद्याला सुरुवातीला राजाशिवाय कुणाचीच राखण नसते, हे कुणी सांगितलेलं नसतं. जुन्या काळी वजीर तिरका एकच घर चालायचा. आजचं बळ त्याला पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात मिळालं. नवशिक्यांचे हाल तेव्हापासूनचे असावेत.

मोठ्या वयात हा खेळ शिकताना माझं एक मत पक्कं होत चाललंय. नवशिका विचारात कमी पडतो असं सगळे म्हणतात. मला वाटतं, तो बघण्यात कमी पडतो. विचार तर तो भरपूर करतो, पण फक्त स्वतःच्या बेताचा. समोरच्याने आत्ताच ती सोंगटी का हलवली, हा साधा प्रश्न त्याला सुचतच नाही.

यात सगळ्यांत जास्त छळतो तो घोडा. हत्ती, उंट, वजीर रेषेत मारतात आणि डोळा रेषेवरून आपोआप धावतो. घोड्याला रेषाच नाही. पटाच्या मध्यावर तो आठ घरांवर नजर ठेवतो, कोपऱ्यात बसला तर जेमतेम दोन. त्याची एक खोड मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे: दर खेळीला तो घराचा रंग बदलतो. म्हणजे समोरचा घोडा आत्ता काळ्या घरात असेल, तर उडी मारून तो पांढऱ्यात जाणार आणि तिथून काळ्या घरांवर मारा करणार. आपला राजा आणि वजीर दोघेही काळ्या घरात दिसले, की सावध. हे कळल्यापासून मी घोड्याला घाबरायचं थांबवलेलं नाही, पण निदान आधीपासून घाबरतो.

बघण्याची ही गोष्ट मानसशास्त्रज्ञांनीही तपासली आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 मध्ये खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवून ती आठवून पुन्हा मांडायला लावली. कसलेल्या खेळाडूने नवशिक्याला सहज मागे टाकलं. त्याच सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या, तेव्हा त्याची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे स्मरणशक्ती काही अफाट नव्हती. आपल्याला सुट्या सोंगट्या दिसतात तिथे त्याला ओळखीचे पुंजके दिसतात.

म्हणूनच की काय, 1921 ते 1927 जगज्जेता असलेला कापाब्लांका डावाचा शेवट आधी शिका असं सांगायचा. पटावर मोजक्या सोंगट्या असल्या की नजर बसते. एकट्या राजाला राजा आणि हत्ती मिळून कडेला रेटत नेणं हा पहिला धडा, आणि त्यातलं पहिलं दुःख कुजी. समोरच्याला शह नाही आणि हलायला घरही नाही, की डाव बरोबरीत. ढळढळीत जिंकलेला डाव हातचा जातो! मला हा नियम फार आवडतो, अर्थात हरत असताना.

हल्ली एक पुंजका माझ्याही ओळखीचा झालाय: किल्लेकोट करून बसलेला राजा, पुढे तीन प्यादी, मागची ओळ मोकळी. तिथे हत्ती पोचला की मात, कारण आपलीच प्यादी राजाची वाट अडवतात. परवा समोरच्याच्या बाजूला ती अवस्था मला स्वतःहून दिसली. पाळी त्याची होती. मी चेहरा कोरा ठेवून त्याच्या मागच्या ओळीकडे बघत राहिलो, बहुधा जरा जास्तच वेळ. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं.