भरती-ओहोटीच्या वेळा पाहून आखलेला कोकणप्रवास

तीन वर्षांपूर्वी आम्ही अलिबागहून मालवणपर्यंतचा किनारा चार दिवसांत पाहिला, म्हणजे खरे तर गाडीच्या काचेतून मागे टाकला. त्या घाईत हरिहरेश्वरला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि समुद्र पूर्ण भरलेला होता. देवळामागच्या डोंगराला घालायची प्रदक्षिणा पायऱ्यांनी खाली उतरून थेट समुद्रालगतच्या कातळावरून जाते, त्यामुळे ती ओहोटीच्या वेळीच करता येते, हे मला तिथे गेल्यावर कळले. आई पायऱ्यांच्या तोंडाशी काही वेळ उभी राहिली, खालून येणारा लाटांचा आवाज ऐकला आणि तिथूनच हात जोडून परतली. ती काही बोलली नाही, पण माझ्या मनातून ते गेलेले नाही. आज तिचे वय बहात्तर आहे. येत्या माघात आम्ही पुन्हा निघणार आहोत आणि या वेळी आखणीची सुरुवात नकाशापासून न करता पंचांगापासून केली आहे.

किनाऱ्यावरचे कोळी भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरती साधारण किती वाजता भरेल ते कळते. चतुर्थीला चाराचे पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते, जिला कोकणात अनेक ठिकाणी सुकती म्हणतात. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते, या एका गोष्टीवर हा सगळा हिशेब उभा आहे. जागेप्रमाणे वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून कातळावर उतरण्यापूर्वी छापील तक्ता पाहणे आणि गावातल्या माणसाला विचारणे या दोन्ही गोष्टी मी करणारच आहे. पण दोन महिने आधी घरी बसून दिवस ठरवायला हा पाऊणपटीचा हिशेब पुरेसा आहे.

आईला प्रदक्षिणा सकाळच्या उन्हात, कातळ तापण्याआधी करता यावी, म्हणून ओहोटी नऊच्या आसपास हवी. तशी ती चतुर्थीला मिळते. माघ वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. आईचा त्या दिवशी उपास असतो. उपासाच्या पोटी पायऱ्या उतरू नयेत असे मी सुचवून पाहिले, तेव्हा तिने सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन निघण्याचे कबूल केले. दिवस बदलायला मात्र ती तयार झाली नाही. पौर्णिमेनंतरच्या या तीन-चार दिवसांत उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नसतो, त्यामुळे पाणी ओहोटीला चांगले मागे हटते आणि कातळ बराच उघडा पडतो. लाटांनी पोखरून दगडावर जी जाळीदार नक्षी तयार झाली आहे, ती तेव्हाच नीट दिसते. शेवाळलेल्या भागावरून मी तिचा हात धरून नेणार आहे आणि पाणी वळण्याच्या आत वर यायचे हे आम्ही ठरवून टाकले आहे.

बाकीचा प्रवास या एका सकाळच्या पुढेमागे रचला आहे. द्वितीयेला पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरायचे आणि म्हसळ्यावरून दिवेआगर गाठायचे. परतीचा दिवस सोडला तर गाडी चालवण्याचा एवढाच एक मोठा दिवस. तिथे नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घरात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुठेही न जाणे. तृतीयेच्या दुपारी शेखाडी आणि श्रीवर्धनमार्गे हरिहरेश्वरला जायचे. शेखाडीचा रस्ता कितीतरी अंतर समुद्राला अगदी चिकटून जातो. मागच्या वेळी तो आम्ही अंधारात पार केला होता, हे आठवले की अजून वाईट वाटते. या वेळी नियमच केला आहे की सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही आणि पहिला व शेवटचा दिवस सोडल्यास रोज दोन तासांपेक्षा जास्त चालवायची नाही.

इतके कमी अंतर ठेवल्यावर प्रवास होतो तरी कुठे, असे पत्नीने विचारले आणि प्रश्न योग्यच होता. त्याचे उत्तर खाड्यांमध्ये आहे. सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्या थोडक्या अंतरात समुद्राला मिळतात आणि त्यांची मुखे रुंद खाड्या होऊन पसरतात, त्यामुळे किनाऱ्याने जाणारा रस्ता पुन्हा पुन्हा पाण्यापाशी येऊन थांबतो. मुंबई-गोवा महामार्ग या खाड्या टाळून बराच आतून जातो. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी मार्गाने जायचे, तर पूल नसेल तिथे फेरीबोट घ्यावी लागते. आमच्या वाटेवर अशा तीन खाड्या आहेत: सावित्रीच्या मुखाशी बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्री नदीवर तवसाळ ते जयगड. दाभोळला बोट न घेता गुहागरला जायचे तर चिपळूणपर्यंत आत शिरून मोठा वळसा पडतो. गाडीसकट बोटीत चढायचे, कठड्याशी उभे राहून दोन्ही काठ पाहायचे आणि पलीकडे वेगळ्या तालुक्यात उतरायचे, हे माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सगळ्या बेतापैकी सर्वांत जास्त आवडले आहे. धक्क्यावर बोटीची वाट पाहण्यात जो वेळ जाईल, तो मी वाया गेलेला वेळ म्हणून मोजलेला नाही. एका खाडीसाठी आख्खा अर्धा दिवस राखून ठेवला आहे.

पंचमीला पहिली खाडी ओलांडून वेळास. हे नाना फडणवीसांचे मूळ गाव, पण मुलीला ओढ आहे ती कासवांची. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात इथल्या वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती अंडी राखण्याचे काम २००२ पासून उभे केले. कुंपण घातलेल्या जागेत घरटी हलवून ठेवतात आणि पिल्ले वर आली की सकाळी किंवा संध्याकाळी त्यांना समुद्राच्या दिशेने सोडतात. पिल्लांचा हंगाम मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल असल्यामुळे आम्ही त्याच्या अगदी सुरुवातीला पोहोचू, आणि त्या दिवशी घरटे फुटेलच असे कोणी सांगू शकत नाही. मुलीला हे आधीच समजावून सांगितले आहे. तिने विचारले, "मग आपण तिथे दोन दिवस राहू या का?" म्हणून केळशीचा मुक्काम रद्द करून वेळासला एक रात्र वाढवली. केळशीचे महालक्ष्मीचे देऊळ वाटेत थांबून पाहू.

त्यानंतर आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीपर्यंत आता गाडी जाते, त्यामुळे आईच्या गुडघ्यांची काळजी नाही. देवळाच्या उंचीवरून खाली माडांच्या बागा आणि दूर पाण्यातला सुवर्णदुर्ग दिसतो. संध्याकाळी हर्णैच्या बंदरात होड्या लागल्यावर मासळीचा लिलाव भरतो, तो मला पाहायचा आहे. आई आणि पत्नी तेवढा वेळ आंजर्ल्यातच राहतील.

अष्टमीला दाभोळची खाडी ओलांडून गुहागरला पोहोचू. व्याडेश्वर आमचे कुलदैवत, म्हणून तिथे दोन रात्री आहेत आणि त्यात पाहण्याच्या जागांची यादी नाही. एका गोष्टीवर मात्र मला पाणी सोडावे लागले. गुहागरच्या दक्षिणेला हेदवी येथे बामणघळ आहे. कातळातल्या त्या अरुंद भेगेत भरतीची लाट शिरली की पाणी उंच उसळते. उत्तम दृश्य हवे तर उधाणाची भरती हवी, आणि आम्ही हेदवीला पोहोचणार दशमीला. अष्टमीच्या आसपास समुद्राला भांग असतो, पाण्याचा चढउतार सर्वांत कमी होतो आणि दशमीपर्यंत तो फारसा वाढत नाही. हरिहरेश्वरची चतुर्थी आणि बामणघळीचे उधाण या संथ प्रवासात एकत्र बसत नाहीत. मी दोन संध्याकाळी कागदावर खटपट केली, मग हेदवीच्या दशभुज गणेशाचे दर्शन शांतपणे घेऊन तवसाळच्या धक्क्याकडे जायचे असे ठरवले.

जयगडला उतरल्यावर मालगुंड. केशवसुतांचे जन्मस्थान असलेल्या या गावात त्यांचे स्मारक आहे. मुलीला ‘तुतारी’ पाठ आहे, ती तिने तिथल्या अंगणात म्हणून दाखवावी अशी माझी इच्छा आहे. गणपतीपुळ्याला एकादशीचा विसावा घेऊन द्वादशीला रत्नागिरी, आंबा घाट आणि कोल्हापूरमार्गे परत. रत्नागिरीच्या दक्षिणेचा पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण हा सारा किनारा या वेळी सोडला आहे. तो सोडताना जीव तुटतो, पण तो जोडला असता तर पुन्हा चार दिवसांचीच घाई झाली असती.

व्यवहाराच्या बाजूने थोडेच सांगण्यासारखे आहे. लहान गावांतल्या घरगुती मुक्कामी जेवण आदल्या दिवशी सांगावे लागते, कारण माणसे मोजूनच तांदूळ भिजतात आणि नारळ फुटतात. पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा मोठ्या गावांत भरून घ्यावे आणि रोख पैसे जवळ ठेवावेत. गाडीची डिकी आम्ही अर्धी रिकामी ठेवणार आहोत, कारण कोकणातून कोकम आणि कुळथाचे पीठ न घेता परतणे आईला मान्य नाही.

काल हरिहरेश्वरच्या मुक्कामाच्या काकूंना फोन केला आणि चतुर्थीला सकाळी ओहोटी किती वाजता मिळेल असे विचारले. त्या क्षणभर थांबल्या, बहुधा बोटांवर मोजत असाव्यात, आणि म्हणाल्या, "नऊच्या सुमारास सुकती. आठाला घराबाहेर पडा, म्हणजे आईंना सावकाश उतरता येईल. उपास आहे ना त्यांचा? रात्री चंद्रोदयाला मोदक करते." मी फोन ठेवला तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या त्या चौकटीत पेन्सिलीने लिहिले: आठ वाजता.