याचा जोडीदार कुठे आहे?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी माळ्यावर आजोबांचा पत्र्याचा डबा निघाला. आत पाकिटांवरून कापून ठेवलेली तिकिटं, बहुतेक सगळी नकाशा मालिकेतली. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धतीचे नये पैसे चालू झाले तेव्हा आलेली ती एकरंगी, भारताच्या नकाशाची तिकिटं. त्यांतली ५ नये पैशांची हिरवीच २१२ भरली.

मे महिना होता. परातीतल्या पाण्यात भिजवून तिकिटं सोडवली आणि वर्तमानपत्रावर पालथी घातली. आपल्याकडच्या त्या कोरड्या हवेत ती बघता बघता वाळतात आणि वळतातही, म्हणून लगेच जाड पुस्तकाखाली दाबली. डब्यातली आठ कोरी तिकिटं मात्र मी कुलरसमोरच्या टेबलावर ठेवली होती. ओलसर हवेनं मागचा डिंक सुटला आणि आठही एकमेकांना चिकटली. अजून हळहळ वाटते.

मग दहापट भिंग घेऊन बसले. एका तिकिटावर नकाशाच्या कडेशी, असू नये तिथं, बारीक ठिपका दिसला. छातीत धडधडायला लागलं. दुसऱ्या दिवशी ते तिकीट घेऊन धरमपेठेतल्या एका जुन्या संग्राहक काकांकडे गेले. त्यांनी चिमट्यानं उचललं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. पण याचा जोडीदार दाखव मले."

हा प्रश्न मला नवा होता. काकांनी समजावलं. ही तिकिटं नाशिकरोडच्या छापखान्यात फोटोग्रॅव्हर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरनं छापायच्या पद्धतीनं छापलेली. सिलिंडरवरच ओरखडा किंवा खड्डा असेल, तर तो प्रत्येक शीटवर त्याच जागी उमटतो. छापताना धूळ बसली किंवा कागदाला घडी पडली, तर तेवढ्याच एखाद्या तिकिटावर खूण राहते. पहिला प्रकार म्हणजे कायमचा दोष, त्याचा अभ्यास करता येतो. दुसरा निव्वळ अपघात. १८५४ च्या चार आण्याच्या तिकिटावर लाल चौकट आणि राणी व्हिक्टोरियाचं निळं डोकं वेगवेगळं छापायचे, म्हणून काही तिकिटांवर डोकं उलटं आलं. तिथं चूक उघड दिसते. माझ्या ठिपक्याला पुरावा हवा होता, म्हणजे त्याच जागी तसाच ठिपका असलेलं दुसरं तिकीट.

आधी जलचिन्हावरून, म्हणजे कागदातच असलेल्या पुसट नक्षीवरून, गट पाडायचे होते. मालिकेची सुरुवातीची तिकिटं ताऱ्यांच्या जलचिन्हाच्या कागदावर आहेत, नंतरची अशोकस्तंभाच्या. जलचिन्ह स्पष्ट दिसावं म्हणून मी बेंझिनची बाटली काढणार होते, काकांनी हात धरला. फोटोग्रॅव्हरची शाई बेंझिननं खराब होऊ शकते. तिकीट काळ्या फरशीवर पालथं ठेवायचं आणि तिरप्या उजेडात बघायचं. पहिली पन्नास तिकिटं मला काहीच दिसेना, नंतर डोळा बसला. ठिपक्याचं तिकीट अशोकस्तंभाचं निघालं, म्हणजे ताऱ्यांचा गट बाजूला ठेवता आला.

उरलेल्या प्रत्येक तिकिटाची मी तीच एक जागा बघत गेले. सगळं तिकीट बघत बसलं की डोळे थकतात आणि मन नको ते दाखवायला लागतं. पाच ठिकाणी ठिपका सापडला असं वाटलं. दोन पाण्यात निघून गेले, दोन शिक्क्याच्या शाईचे होते, एक सुईचं भोक होतं, उजेडाकडे धरलं की आरपार दिसायचं. एक तिकीट फिकट निळं होतं, रंगाची चूक म्हणून मी जपून ठेवलं होतं. काका म्हणाले, ऊन लागूनही हिरवा असा होतो. ते बाजूला ठेवताना वाईट वाटलं, पण त्यांचं पटलं.

चौथ्या रात्री जोडीदार मिळाला. तीच जागा, तोच आकार, ठिपक्याची खालची कड तशीच किंचित ओढलेली. मागं अशोकस्तंभ. आणि शिक्के वेगळे होते. पहिल्यावर १९५९ वाचता येत होतं, दुसऱ्यावर १९६०. म्हणजे दोन्ही एकाच पाकिटावरची नव्हती.

सकाळी दोन्ही तिकिटं काकांसमोर ठेवली. भिंगाखाली धरून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, कपाटातून हिरव्या तिकिटांची स्वतःची पाकिटं काढली आणि अर्धी माझ्याकडे सरकवली. "बस. तिसरा शोधू."