चार नावे, एक चौक

सोलापुरातील चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून जाताना मी नावे मनातल्या मनात वाचतो: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यातील मार्शल लॉनंतर खटला चालवून या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली, आणि त्या दोराने कोणाचा धर्म कोणता हे विचारले नाही. ‘सहिष्णुता’ हा शब्द मला नेहमीच तोकडा वाटतो, कारण त्यात दुसऱ्याला केवळ सहन करण्याचा वास येतो. पूर्व भागातील यंत्रमागांच्या गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. तिथे कोणी कोणाला सहन करत नाही, उधारीवरून भांडते मात्र सर्रास.