साइट चोरीला गेली आणि उलटतपासणी माझीच झाली

एका सकाळी मेल आला : “मागच्या गिअरचा स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते तुम्ही लिहिलंय, पण तिथला फोटो उघडत नाही.” माझ्याकडे तर फोटो व्यवस्थित दिसत होता. मेल माझ्याच कॉन्टॅक्ट फॉर्ममधून आला होता, पण खाली कुठल्या पानावरून आला त्याचा पत्ता भलताच होता. उघडून बघते तर माझी सायकल दुरुस्तीची अख्खी साइट जशीच्या तशी, वरचं नाव तेवढं बदललेलं. फॉर्म कुठे जातो ते बदलायला मात्र ते विसरले होते. त्यामुळे त्यांच्या वाचकांच्या शंका इमानेइतबारे माझ्याकडे येत होत्या.

सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडला. सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या, फाइलमध्ये खाली कुठेतरी माझीच टीप : ‘मार्जिन का हलतंय कळत नाही, नंतर नीट करायचं.’ तेव्हा जो संताप आला तो अजून आठवतो. मजकूर चोरला ते एकवेळ ठीक, पण माझा आळससुद्धा?

त्याच तिरीमिरीत त्यांना खरमरीत मेल टाकला. उत्तर आलं नाही. एक मित्र म्हणाला, “अगं, पण तू खाली कॉपीराइटची खूण कुठे टाकली होतीस?” हा समज मलाही होता. वर्तुळातला सी नसला की माल मोकळा, असं नाही. कॉपीराइटबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या आजच्या मसुद्यानुसार सदस्य देशांत हक्क मिळायला खूण किंवा नोंदणी अशी कुठलीच अट नाही. लिहिलं की हक्क आला. अमेरिका या करारात १९८९ मध्ये आली. तोवर तिथे खुणेला खरंच महत्त्व होतं, आणि तीच जुनी सवय जगभर डोक्यात राहिली असावी.

मग डोमेनची नोंद शोधली. मालकाचं नाव झाकलेलं, पण ज्या कंपनीच्या सर्व्हरवर साइट ठेवली होती ती होस्टिंग कंपनी कळली. ती अमेरिकेतली होती, म्हणजे डीएमसीए या तिथल्या १९९८ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चोरलेला मजकूर काढायची नोटीस तिच्याकडे पाठवायची. वकील लागला नाही. फॉर्म लहान होता, पण त्यातल्या एका रकान्याने माझे दोन दिवस खाल्ले : तुमची कोणती निर्मिती, कोणत्या पत्त्यावर, कॉपी झाली आहे ते नेमकं सांगा. ‘पूर्ण साइट’ असं लिहून पुढे सरकणार होते. तेवढ्यात खालची ओळ वाचली. कॉपीराइटच्या मालकाच्या वतीने तक्रार करायचा अधिकार आपल्याला आहे हे शपथेवर सांगायचं होतं, आणि जाणूनबुजून खोटा दावा केला तर नुकसानभरपाई अंगावर येऊ शकते.

म्हणून वही घेऊन बसले आणि साइटमधलं माझं काय ते लिहायला लागले.

लेख माझे, यात वाद नाही. चाकाच्या घेराचा तक्ता? ७०० गुणिले २५ या मापाच्या टायरचा घेर साधारण २१०५ मिलिमीटर, हे मी ठरवलेलं नाही. पुढे ४८ दात आणि मागे १६ असतील तर पॅडलच्या एका फेरीत चाक तीन वेळा फिरतं, म्हणजे सायकल ६.३ मीटर जाते. हा गुणाकारही कुणाच्या मालकीचा नाही. वस्तुस्थितीवर कॉपीराइट नसतो, कल्पनेवर नसतो, सूत्रावर नसतो. तो गुणाकार करणारा जावास्क्रिप्ट कोड मी ओळीन् ओळ लिहिला होता, तो माझा. डावीकडे मेनू आणि उजवीकडे मजकूर ही मांडणी? ती तर मी शंभर ठिकाणी पाहून केली होती.

मग मेनूच्या स्क्रिप्टची फाइल. ती एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रोजेक्टमधून घेतली होती, एमआयटी परवान्याची. तो परवाना भलताच उदार : वापरा, बदला, विका, फक्त मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. मी काय केलं होतं? फाइल हलकी व्हावी म्हणून वरच्या सगळ्या टिपा पुसल्या होत्या. परवान्याची एकमेव अट मीच मोडली होती. माझ्याकडून उचलणाऱ्यांनी ती तशीच बोडकी उचलली.

फोटो एकूण चौदा. अकरा माझे. उरलेले तीन क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांपैकी बाय-एसए ४.० परवान्याचे, म्हणजे नाव द्यायचं, परवान्याची लिंक द्यायची आणि बदल करून पुढे द्यायचं तर त्याच अटींवर. मी तीनही फोटो कापून वापरले होते आणि खाली लिहिलं होतं ‘फोटो : इंटरनेटवरून’. आता लिहितानाही लाज वाटते. या परवान्यात एक दिलासा आहे : अट मोडली की हक्क आपोआप संपतो, पण चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर तो परत मिळतो. नोटीस बाजूला ठेवून आधी तीन नावं आणि तीन लिंका टाकल्या. मेनूच्या फाइलवर परवाना परत चढवला.

शेवटी नोटिशीत गेलं ते एवढंच : नऊ लेख, अकरा फोटो, गिअर कॅल्क्युलेटरचा कोड. प्रत्येकाला माझा पत्ता आणि समोर त्यांचा पत्ता. पुरावा म्हणून मी आधी गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीचा, इतिहास देणार होते, पण त्यातल्या कमिटची, म्हणजे प्रत्येक नोंदीची, तारीख आपल्या हाताने बदलता येते. त्यापेक्षा वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहातल्या माझ्या पानांच्या जुन्या प्रती कामी आल्या, कारण त्यांवरची तारीख तिऱ्हाइताची. फोटोंच्या मूळ मोठ्या फाइल आहेत, हेही लिहिलं.

तीन दिवसांनी कंपनीने दोन पत्ते चुकल्याचं कळवलं. ते दुरुस्त केले आणि आठवडाभरात पानं गेली. समोरच्याला उलट नोटीस देता येते. तशी दिली आणि आपण कोर्टात गेलो नाही तर १० ते १४ कामाच्या दिवसांत मजकूर परत येऊ शकतो. मी रोज मेल बघत होते. त्यांनी दिली नाही.

दोन महिन्यांनी ती साइट पुन्हा उभी राहिली. लेख नव्याने लिहिलेले, माझ्यापेक्षा जरा कोरडे. फोटो दुसऱ्याच सायकलचे. मेनू डावीकडेच, आणि तक्त्यात २१०५ होतंच. यातल्या कशावरही मला बोट ठेवता येत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. सवयीने सोर्स उघडला. मेनूच्या फाइलच्या डोक्यावर परवाना, मूळ लेखकाच्या नावासकट, जागच्या जागी. या वेळी फाइल माझ्याकडून घेतलेली नव्हती.